लव्हाळा उपटून का संपत नाही?

सोसायटीच्या सामायिक परसबागेत पहिला पाऊस पडला की मेथी-पालकाच्या आधी वर येतो तो लव्हाळा. सगळे मिळून तो उपटतात आणि आठवड्याभरात त्याच जागी पुन्हा हिरवी पाती उभी असतात. १९७७ साली जगभरच्या तणांचा आढावा घेणाऱ्या शास्त्रज्ञांनी त्याला सर्वांत उपद्रवी तण ठरवले होते.

खरी गोम जमिनीखाली आहे. लव्हाळ्याचे कंद बारीक भूमिगत खोडांनी एकमेकांना जोडलेले असतात. साखळीच्या टोकाचा कंद फुटतो, तेव्हा त्याच्या दाबामुळे मागचे बरेचसे कंद सुप्त राहतात. खुरप्याने साखळी तुटली की हा दाब जातो आणि मागचे कंदही फुटू लागतात. वरवरच्या खुरपणीने लव्हाळा दाट होतो तो यामुळेच.

तरीही हात टेकायचे कारण नाही. प्रत्येक नवा कोंब कंदातला साठा खर्च करून वर येतो. पुरेशी पाने आली की साधारण तीन आठवड्यांनंतर तो नवे कंद धरू लागतो. म्हणून दर पंधरा दिवसांनी, न चुकता, खुरपणी व्हायला हवी. एकदाच जोर लावून महिनाभर विसरण्यात काही अर्थ नाही. बहुतेक कंद वरच्या वीतभर मातीत असतात. एप्रिल-मेमध्ये रिकामा वाफा खणून ते उघडे पाडले, तर कडक उन्हात दोनेक आठवड्यांत वाळून मरतात. ओले कंद खतखड्ड्यात मात्र टाकू नयेत.

पालापाचोळ्याचे आच्छादन बियांपासून येणाऱ्या तणांना चांगले रोखते. लव्हाळ्याचा टोकदार कोंब मात्र प्लास्टिकचा कागदही भेदतो. त्याला खरे वावडे सावलीचे. चवळी, रताळी, भोपळा यांची पाने लवकर जमीन झाकतात, म्हणून लव्हाळा माजलेल्या वाफ्यात मी आधी हीच पिके घेईन. उभट, विरळ पातीच्या कांद्याला तिथे जागा देणार नाही.

सगळीच तणे फेकायची नसतात. कोवळ्या घोळीची डाळ घालून भाजी होते, केन्याच्या पानांची भजी होतात. फक्त नीट ओळख पटलेलीच घ्यावीत. सामायिक बागेत खुरपणीचा दिवस सर्वांचा एकच ठेवावा, कारण वाफ्याची सरी लव्हाळ्याच्या खोडांना अडवत नाही. बाहेरून माती किंवा शेणखत आले, तर वाफ्यात घालण्याआधी पसरून त्यातले काळपट कंद वेचून काढावेत.