हाँगकाँग ९९ वर्षांच्या भाड्यावर होतं? अख्खं नव्हे

‘ब्रिटिशांनी हाँगकाँग ९९ वर्षांच्या कराराने घेतलं होतं, मुदत संपली, परत केलं.’ हे वाक्य इतकं फिरलंय की खोटं वाटतच नाही. पण ते अर्धंच खरं आहे.

हाँगकाँग बेट चीनने १८४२ च्या नानकिंग तहाने कायमचं दिलं होतं. १८६० मध्ये बेटासमोरच्या कौलून द्वीपकल्पाचं टोकही तसंच, मुदतीविना. ९९ वर्षांचा पट्टा होता तो १८९८ चा, फक्त न्यू टेरिटरीजचा, म्हणजे कौलूनच्या उत्तरेकडच्या भागाचा आणि आसपासच्या बेटांचा. मेख इथेच आहे: वसाहतीची बहुतेक जमीन याच भागात होती. कायमच्या आणि भाड्याच्या जमिनीमधली सीमा म्हणजे आज कौलूनमधला एक साधा रस्ता, बाउंडरी स्ट्रीट. तेव्हाचा काई टाक विमानतळ त्याच्या उत्तरेला, म्हणजे भाड्याच्या जमिनीवर! उरलेला तुकडा वेगळा काढून चालवणार कसा?

प्रश्न पेटला तोही जमिनीच्या कागदांवरून. न्यू टेरिटरीजमधले भाडेपट्टे १९९७ च्या पुढे देता येत नव्हते. १९७९ मध्ये गव्हर्नर मॅक्लेहोस यांनी बीजिंगमध्ये हा विषय काढला. चीनचे सर्वोच्च नेते डंग शिआओपिंग यांनी दाद दिली नाही. १९८२ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचर तहांचा आधार घेऊन गेल्या. चीनच्या लेखी मात्र तिन्ही तह लादलेले, म्हणून रद्दबातल. म्हणजे ‘मुदत संपली’ हे कारण खुद्द चीनलाच मान्य नव्हतं. तरी तारीख पट्ट्याचीच राहिली. १९ डिसेंबर १९८४ ला थॅचर आणि चीनचे पंतप्रधान झाओ झियांग यांनी हाँगकाँग परत देण्याच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या आणि १ जुलै १९९७ ला कायमचं दिलेलं बेटही सोबत गेलं.