रूळ सपाट, जमीन वरखाली: कोकणातल्या छोट्या रेल्वेची पार्श्वभूमी

घरात फळीवर रूळ मांडून छोटी रेल्वे चालवण्याच्या छंदाचा इतिहास सांगताना जर्मनी आणि इंग्लंडपासून सुरुवात करायची पद्धत आहे. ती योग्यच आहे, कारण रूळ, मोटर, मापं हे सगळं तिकडून आलं. पण चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ या बाजूला जो कुणी असा लेआउट बांधायला घेतो, त्याच्या हाताला वळण लागलेलं असतं ते गणपतीच्या आराशीत. या छंदाची कोकणातली मुळं दोन आहेत आणि दोन्ही नीट पाहिली तरच इथला लेआउट कसा असावा हे उमगतं, असं माझं ठाम मत आहे.

आधी बाहेरचं मूळ. जर्मनीतली मेर्कलिन ही कंपनी १८५९ सालची, मूळची भातुकलीची पत्र्याची भांडी करणारी. १८९१ मध्ये लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत तिने चावीवर चालणारी गाडी मांडली. पत्र्याच्या गाड्या त्याआधीही मिळत होत्या. नवलाई होती ती रुळांची. तुकड्याला तुकडा जोडत मार्ग वाढवता येत होता आणि दोन रुळांमधल्या अंतराला ठरलेले क्रमांक होते. आज घेतलेली गाडी उद्या घेतलेल्या रुळांवर बसणार याची हमी पहिल्यांदा मिळाली, आणि खेळण्याचा छंद झाला तो इथे. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्न्बी यांनी मेकॅनो या पट्ट्या-स्क्रू जोडायच्या खेळण्याच्या यशानंतर १९२० मध्ये चावीच्या गाड्या काढल्या. त्यांचे रूळ झिरो गेजचे, म्हणजे ३२ मिलिमीटर अंतराचे. एवढ्या गाडीला खोली लागायची. १९३५ मध्ये मेर्कलिन आणि ट्रिक्स या दोघांनी त्याच्या निम्म्या मापाच्या विजेवरच्या गाड्या आणल्या आणि रेल्वे जमिनीवरून टेबलावर चढली. १६.५ मिलिमीटरचा तो रूळ, म्हणजेच एचओ मापाचा, आजही जगभर सर्वांत जास्त चालतो. १९६२ मध्ये आर्नोल्ड या जर्मन कंपनीने ९ मिलिमीटरच्या रुळावर गाडी आणली, तेच आजचं एन माप.

या परंपरेत रूळ आधी आला. कारखान्याने ठराविक वळणाचे तुकडे दिले, घेणाऱ्याने त्यांचं वर्तुळ किंवा लंबगोल केला आणि मधल्या जागेत झाडं-घरं बसवली. आजूबाजूचा मुलूखही गाडीइतकाच महत्त्वाचा आहे, हा विचार इंग्लंडमध्ये जॉन अहर्न यांच्यासारख्यांनी १९३० च्या दशकात पुढे आणला. त्यांनी उभी केलेली मॅडर व्हॅली रेल्वे पेंडन संग्रहालयात आजही जपलेली आहे.

भारतात या गाड्या आल्या त्या साहेबांच्या बंगल्यांत आणि राजवाड्यांत. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या जयविलास राजवाड्यात जेवणाच्या टेबलावर रूळ घातलेले आहेत आणि त्यावरून चांदीची गाडी पाहुण्यांसमोर मद्य आणि सिगार घेऊन फिरायची. सामान्य घरात पोचली ती जत्रेतली पत्र्याची, चावीची गाडी. परदेशी सामान परवान्याशिवाय आणता येत नव्हतं. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरची शेवटची बंधनं उठली ती १ एप्रिल २००१ ला. त्यामुळे मधली कित्येक वर्षं इथल्या छंदिष्टांनी पुठ्ठा, पत्रा आणि जुन्या मोटरींवर काम भागवलं. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या खटपटीतून उभारलेलं लघु रेल्वेचं संग्रहालय १९९८ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. महाराष्ट्रात हा छंद म्हणजे काय हे अनेकांनी पहिल्यांदा तिथे पाहिलं.

१९९८ हेच साल कोकणालाही महत्त्वाचं. देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, म्हणजे उत्तर कोकणातच धावली. १९०७ मध्ये नेरळहून माथेरानला छोटी गाडी चढू लागली, तीही आजच्या रायगड जिल्ह्यातच. पण दक्षिणेकडे रूळ सरकेनात. रोह्यापर्यंत गाडी यायला १९८६ उजाडलं. नाथ पै, मधु दंडवते यांनी संसदेत हा विषय सतत लावून धरला. अखेर १९९० मध्ये, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असताना, कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं आणि ई. श्रीधरन यांच्याकडे त्याची धुरा आली. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सलग गाड्या सुरू झाल्या २६ जानेवारी १९९८ ला. ठाणे आणि रत्नागिरी यांच्यात रेल्वेच्या बाबतीत जवळजवळ दीडशे वर्षांचं अंतर पडलं.

रेल्वे नसलेल्या या मुलखात छोटी दुनिया उभारण्याची कला मात्र घरोघरी होती. गणपतीत माटवी, म्हणजे मूर्तीच्या वर टांगायची फळं-पानांची चौकट, बांधून झाली की आराशीला हात लागायचा. गोणपाट मातीच्या किंवा प्लास्टरच्या काल्यात बुडवून डोंगर करायचा. आधी काही दिवस धान्य पेरून ठेवलं की शेताची खरी हिरवळ तयार. आडावरचं शेवाळ म्हणजे रान. जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर आणि रबराचा पट्टा लावून रहाट फिरवायचा, होडी हलवायची. सावंतवाडीच्या चितारआळीत पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची रंगीत खेळणी आणि फळं करणारे कारागीर आहेतच. लहान वस्तूचा आकार आणि रंग नेमका कसा पकडायचा, ते शिकायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. युरोपातल्या छंदिष्टाला मुलूख घडवण्याची गोडी लागायला काही दशकं गेली. इथल्या माणसाला ती आधीपासून होती, फक्त त्यातून धावायला गाडी नव्हती.

गाडी आली ती कशी, हे आता पाहावं लागतं, कारण छोट्या रेल्वेची सगळी रचना त्यावर अवलंबून आहे. कोकण रेल्वेची आखणी ताशी १६० किलोमीटर वेग धरून झाली. म्हणून चढ १५० ला १ यापेक्षा तीव्र नको आणि वळणाची त्रिज्या साधारण १२५० मीटरपेक्षा कमी नको, असा दंडक होता. सह्याद्रीच्या पायथ्याशी, नद्या आडव्या वाहत असताना हा दंडक पाळायचा म्हणजे डोंगर आला की बोगदा आणि दरी आली की पूल. म्हणून ९० हून जास्त बोगदे झाले, लहानमोठे मिळून सुमारे २,००० पूल झाले. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. रत्नागिरीजवळ पानवलचा पूल ६४ मीटर उंच आणि ४२४ मीटर लांब.

हे आकडे एचओ मापात, म्हणजे ८७ पट लहान करून पाहा. पानवलचा पूल ७४ सेंटिमीटर उंच आणि जवळपास पाच मीटर लांब होतो. करबुड्याचा बोगदा ७५ मीटरचा होतो. खरं वळण आणायचं तर त्रिज्याच १४ मीटरच्या वर जाते, आणि बाजारातले नेहमीचे वळणाचे तुकडे साधारण ३७ ते ५० सेंटिमीटर त्रिज्येचे असतात. म्हणजे लांबी आणि वळण यांत तडजोड अटळ आहे. चढाचं तसं नाही. आठ फुटी फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत १५० ला १ चढ दिला तर रूळ जेमतेम दीड सेंटिमीटर वर जातो. एका मार्गावरून दुसरा मार्ग न्यायला सहा-सात सेंटिमीटर तरी लागतात. तेव्हा कोकणच्या लेआउटवर आठाच्या आकड्यासारखे एकमेकांवरून जाणारे रूळ खोटे दिसतात. रूळ सपाट ठेवावा आणि जमीन वरखाली करावी, म्हणजे गाडी ओळखीच्या मुलखातून जाते.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. सलग प्लायवूड आणून त्यावर रूळ ठोकायची पद्धत सपाट प्रदेशातल्या यार्डाला ठीक आहे. इथे मात्र लाकडी पट्ट्यांचा उघडा सांगाडा करावा, रुळाखाली तेवढी अरुंद फळी मधल्या उंचीवर न्यावी आणि दरी त्या फळीच्या खाली उतरवावी. एन मापात, म्हणजे १६० पट लहान करून, पानवलचा पूल ४० सेंटिमीटर उंचीचा होतो. तेवढी खोली टेबलाच्या खाली सहज मिळते.

रुंदीचा प्रश्न वेगळा. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, युरोपचा रूळ १४३५ चा. एचओ मापात आपला रूळ १९.३ मिलिमीटर हवा, मिळतो १६.५ चा. इंग्लंडमध्येही अशी गफलत आहेच. तिथली इंजिनं अंगाने बारीक, त्यात त्या काळच्या मोटरी मावेनात, म्हणून गाडी ७६ पटीची आणि रूळ तोच ठेवून ओओ माप रूढ झालं. १९.३ चा रूळ हाताने घालणारे लोक आहेत. त्यांना प्रत्येक चाक बदलावं लागतं, प्रत्येक सांधा स्वतः करावा लागतो. त्या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण पहिल्याच लेआउटला हा हट्ट धरू नये. माथेरानची गाडी करायची असेल तर गणित पुष्कळ सोपं: ६१० मिलिमीटरचा तो रूळ ओओ मापात ८ मिलिमीटरचा होतो आणि एनचा ९ मिलिमीटरचा तयार रूळ त्याला चालून जातो.

सामानाच्या बाबतीत कोकणाने दिलेलं वापरावं. जांभ्याची भुकटी चाळून गोंदाच्या पाण्यावर बसवली तर कोणत्याही रंगाने न साधणारा तांबडा रंग मिळतो. फक्त आधी तिच्यातून लोहचुंबक फिरवावा, कारण जांभ्यात लोह असतं आणि त्याचे कण इंजिनाच्या मोटरीतल्या चुंबकाला चिकटले तर मोटर बिघडते. गवताला काथ्या, झुडपांना वाळल्या घोसाळ्याची जाळी. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आली, तेव्हापासून आराशीतले डोंगर पुन्हा पुठ्ठा आणि कागदाच्या लगद्याकडे वळले, आणि लेआउटलाही तेच बरं. गाडीला १२ व्होल्ट वीज रुळातूनच मिळते, म्हणून रूळ गंजला की गाडी अडखळते. खाऱ्या दमट हवेत लोखंडी रूळ एका पावसाळ्यात गंजतात, पितळी काळे पडतात. तांबं, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूचे रूळ महाग पडले तरी तेच घ्यावेत. लाकडाला सगळ्या बाजूंनी वॉर्निश द्यावं, खालूनसुद्धा.

गाडी चालवण्यातली गंमत या मार्गाच्या एकेरीपणात आहे. रोहा ते वीर हा टप्पा सोडला तर बहुतेक मार्ग आजही एकेरी आहे. स्टेशनात एक गाडी लूपला, म्हणजे बाजूच्या जोडरुळावर, उभी राहते, समोरची निघून जाते, मग हिची पाळी. गणपतीच्या दिवसांत चाकरमान्यांच्या जादा गाड्या सुटतात तेव्हा या क्रॉसिंगांवर सगळं वेळापत्रक तोललेलं असतं. दोन स्टेशनं, प्रत्येकी एक लूप आणि तीन गाड्या एवढ्यावर संध्याकाळभर डोकं चालवावं लागतं. साधा डीसी कंट्रोलर रुळावरच्या सगळ्या गाड्यांना एकदमच वीज देतो, त्यावर हे करायचं तर लूपच्या रुळाची वीज वेगळी तोडून त्याला स्वतंत्र स्विच द्यावा लागतो. इंजिनागणिक वेगळा हुकूम देणारी डिजिटल पद्धत १९९० च्या दशकात प्रमाणित झाली. तिने काम सोपं होतं, पण तीन गाड्यांसाठी तिची गरज नाही.

शेवटी काळ ठरवावा लागतो. ब्रॉडगेजवरची वाफेची इंजिनं १९९५ च्या अखेरीस थांबली, त्यामुळे सलग सुरू झालेली कोकण रेल्वे डिझेलचीच. २०२२ मध्ये विद्युतीकरण पुरं झालं आणि खांब, तारा आल्या. यामधली सुमारे २४ वर्षं हा कोकणच्या लेआउटचा सर्वांत सोपा आणि मला सर्वांत आवडता काळ. त्यातच १९९९ पासून कोलाड ते वेर्णा ट्रक वाहून नेणारी रो-रो गाडी येते. सपाट वाघिणीवर एचओ मापाचे ट्रक ठेवून ती सहज करता येते. मात्र ट्रक लादलेली वाघीण किंवा विजेची तार, यांतलं काय बोगद्यातून न्यायचं ते कमान कापण्याआधी ठरवावं. प्लास्टर वाळल्यावर ती उंची वाढवायची म्हणजे डोंगर फोडावा लागतो.