चौऱ्याण्णवच्या आधी लग्न झालं, म्हणून वाटा गेला?

तासगावकडं द्राक्षबागेची वाटणी निघाली की हमखास ऐकू येतं, "आक्काचं लग्न चौऱ्याण्णवच्या आधीचं, तिचा सातबाऱ्याशी काय संबंध?"

हे अगदीच हवेतलं नाही. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा देणाऱ्या महाराष्ट्राच्या कायद्यानं २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुली खरंच वगळल्या होत्या. पण ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या, हिंदू वारसा कायद्यातल्या केंद्राच्या दुरुस्तीत ती अट नाही. हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच, जन्मानं. त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असंही नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ पूर्वीची नोंदणीकृत किंवा कोर्टाची वाटणी मात्र मोडत नाही.

आणि भाऊबीजेची साडी देऊन साध्या कागदावर घेतलेली सही? ती पुरत नाही; हक्कसोडपत्र, म्हणजे आपला वाटा सोडल्याचा दस्त, नोंदवावंच लागतं.