रोमाने-काँती

पूर्व फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातील व्होन-रोमाने गावालगतचा एक लहान द्राक्षमळा व तेथील तांबडी वाइन. मळ्याचे क्षेत्र सुमारे १.८ हेक्टर, म्हणजे जेमतेम साडेचार एकर आहे. १९३६ मध्ये त्यास स्वतंत्र भौगोलिक नामाभिधानाचा कायदेशीर दर्जा मिळाला.

हा मळा साधारण ४७ उत्तर अक्षांशावर, पूर्वाभिमुख सौम्य उतारावर आहे. येथे फक्त ‘पिनो न्वार’ हे वाण लावतात. ते लवकर फुटते, त्यामुळे वसंतातील कडाक्याच्या दहिवराने कोवळे कोंब जळण्याचा धोका असतो. मात्र थंड हवेत फळ सावकाश पिकत असल्याने त्यातील आम्लता व सुगंध टिकून राहतो. साल पातळ असल्याने वाइनचा रंग गडद न होता माणकासारखा पारदर्शक येतो. चुनखडीच्या खडकावर मातीचा थर उथळ आहे. पावसाने खाली वाहून आलेली माती टोपल्यांनी पुन्हा वर नेऊन टाकण्याची रीत या उतारांवर पूर्वापार आहे.

‘रोमाने’ या नावाच्या उगमाविषयी एकमत नाही. रोमन काळातील लागवडीशी त्याचा संबंध जोडणारी समजूत जुनी आहे. जवळच्या जव्ह्रे-शांबेर्तँ येथे २००८ मध्ये रोमनकालीन द्राक्षवेलींचे खड्डे उत्खननात सापडल्याने या समजुतीस बळ मिळाल्यासारखे वाटते. परंतु ते खड्डे उतारावर नसून पायथ्याच्या सपाटीवर आहेत, आणि त्यांवरून या विशिष्ट मळ्याविषयी काहीच सिद्ध होत नाही. मध्ययुगात हा मळा सँ-व्हिव्हाँ मठाकडे होता. सोळाव्या शतकाच्या आरंभीच्या नोंदींत त्याचा उल्लेख ‘पाच जुर्नोंचे कुंपण’ अशा अर्थाच्या नावाने येतो. जुर्नो म्हणजे एका दिवसात नांगरून होणारी जमीन, सुमारे एक तृतीयांश हेक्टर. या हिशेबाने निघणारे क्षेत्र आजच्या क्षेत्राशी बरेच जुळते. ‘रोमाने’ हे नाव मात्र सतराव्या शतकात, क्रूनेंबूर घराण्याच्या मालकीच्या काळात आढळू लागते. त्यामुळे प्राचीनतेचे वलय देण्यासाठी ते मुद्दाम घेतले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. १७६० मध्ये काँतीचा राजपुत्र लुई फ्रान्स्वा द बूर्बाँ याने मळा विकत घेतला व तेथील वाइन स्वतःच्या मेजवान्यांसाठी राखून ठेवली. या खरेदीत त्याने पंधराव्या लुई राजाची प्रेयसी मादाम द पाँपादूर हिच्यावर मात केली, ही कथा लोकप्रिय असली तरी तिला समकालीन आधार नाही. फ्रेंच राज्यक्रांतीत मळा जप्त होऊन लिलावात निघाला, तेव्हापासून ‘रोमाने-काँती’ हे जोडनाव रूढ झाले.

एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा किडीने फ्रान्समधील बहुतेक वेली मुळांपासून खाल्ल्या. तेव्हा येथील वेली कार्बन डायसल्फाइड जमिनीत सोडून वाचविण्यात आल्या. या वेली किडीला दाद न देणाऱ्या जातीच्या खुंटांवर, म्हणजे मुळांसह घेतलेल्या बुंध्यांवर, कलम केलेल्या नव्हत्या. जुन्या वेलीची फांदी मातीत दाबून, म्हणजे दाबकलमानेच, पिढ्यान्‌पिढ्या नव्या केल्या जात. दुसऱ्या महायुद्धातील औषधाच्या व मजुरांच्या टंचाईने त्या खंगल्या. १९४५ च्या हंगामात केवळ सुमारे ६०० बाटल्या निघाल्या व त्यानंतर वेली उपटण्यात आल्या. १९४७ मध्ये शेजारच्या ला ताश मळ्यातील काड्या खुंटांवर बांधून नवी लागवड झाली. या काड्या मूळच्या रोमाने-काँतीच्याच वंशाच्या मानल्या जातात. १९४६ ते १९५१ या वर्षांची वाइन नाही. नव्या वेलींची पहिली वाइन १९५२ ची होय.