टोमॅटोच्या बीभोवतीचा बुळबुळीत गर

पिकलेला टोमॅटो चिरून बी चिमटीत धरायला जावं, तर ती सटकन निसटते. तिच्याभोवती पारदर्शक, बुळबुळीत गर असतो. फळात ओल आहे, ऊबही आहे, तरी बी तिथेच का रुजत नाही? कारण हा गर. बीला झोपवून ठेवणारं अ‍ॅब्सिसिक आम्ल फळात असतं, शिवाय गर इतका दाट, की बीला पुरेसं पाणी ओढता येत नाही. फार दिवस राहिलेल्या टोमॅटोत कधीकधी पांढरे मोड दिसतात, तेव्हा हा अडसर सैल झालेला असतो.

म्हणून बी धरायचं तर आधी गर घालवायचा, आणि ते काम आंबवण्याइतकं चांगलं कशानेच होत नाही. कोथरूडच्या आमच्या गच्चीवरचे टोमॅटो पुरते लाल झाले की मी गरासकट बिया बरणीत काढते, थोडं पाणी घालते आणि तोंडाला फडकं बांधून सावलीत ठेवते. मे महिन्यात दोन दिवस पुरतात, थंडीत तीन-चार. वर पांढरट साय धरते, आंबूस वास सुटतो. सूक्ष्मजीवांनी गर खाल्ला की भरीव बिया तळाशी बसतात, पोकळ बहुतेक तरंगतात. गेल्या वर्षी गावाला जाताना बरणी तशीच राहिली. परत आले तर बियांना त्या पाण्यातच मोड आलेले! सगळ्या वाया गेल्या.

आंबवल्याने बीवाटे येणारे काही रोग कमी होतात, पण मोझॅकचा विषाणू टिकू शकतो. पानांवर हिरवे-पिवळे चट्टे पडलेल्या झाडाचं बी धरूच नका.

मंडईतल्या टोमॅटोचं बी रुजेल, पण तो बहुधा संकरित असतो. मेंडेलने १८६६ साली वाटाण्याबद्दल जे मांडलं तेच इथे घडतं: पुढच्या पिढीत गुण वेगळे होतात आणि प्रत्येक रोप निराळं निघतं. ‘पुसा रुबी’सारखं सरळ वाण लावा. टोमॅटोच्या फुलात परागकोशांची पिवळी नळी स्त्रीकेसराला वेढून असते, त्यामुळे शेजारी दुसरं वाण असलं तरी बी बहुतेक शुद्धच राहतं.

धुतलेल्या बिया कागदावर चिकटतात. स्टीलच्या ताटलीत, सावलीत वाळवा. बीतला ओलावा एका टक्क्याने घटला की तिचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, म्हणून पुण्याचा पाऊस सुरू होण्याआधीच हे उरकावं. वाळलेल्या बीवर बारीक, मखमली लव दिसते. मग घट्ट झाकणाची बाटली, आणि वर वाणाचं नाव आणि साल.