पहिला मेसेज कोणी पाठवला? ‘सेल’ कादंबरीची पार्श्वभूमी

यंत्रावर विसंबलेले जग यंत्र थांबताच कोसळते, ही भीती जुनी. १९०९मधल्या एका इंग्रजी कथेत माणसे जमिनीखाली एकेकट्या खोल्यांत राहतात, अन्नापासून गप्पांपर्यंत सगळे यंत्राकडून घेतात आणि यंत्रासोबतच संपतात. २००० साल लागताच संगणक तारखा चुकवतील आणि सगळे बंद पडेल, असा जो धसका १९९९च्या डिसेंबरात होता, तोही त्याच जातीचा.

२००६च्या जानेवारीत आलेल्या स्टीफन किंगच्या ‘सेल’ या अमेरिकी भयकादंबरीत मात्र काहीच बंद पडत नाही. १ ऑक्टोबरच्या दुपारी ३ वाजून ३ मिनिटांनी मोबाइलवरून एक लहर येते, आणि फोन कानाला लावलेला प्रत्येक जण दिसेल त्याच्यावर तुटून पडतो. खरी क्रूर गंमत पुढे आहे. हे पाहून हादरलेला माणूस मदतीसाठी खिशातून फोनच काढतो. (लेखकाकडे मोबाइल नाही, हे त्या पुस्तकातच छापलेले होते.) वाचलेल्यांना वाट दाखवली जाते ती रेंज नसलेल्या एका मुलखाची, आणि तोच सापळा निघतो. २००३मध्ये इनकमिंग फुकट झाल्यानंतर मोबाइल सगळीकडे पसरला, तरी सातपुड्यात धडगावकडे रेंजसाठी टेकडी चढावी लागे. तिथल्या वाचकाला हा भाग वेगळाच लागेल.

वाद झाला तो लेखकाच्या एका निर्णयावर. लहर कोणी सोडली, हे कादंबरी सांगतच नाही. पात्रे दहशतवाद्यांपासून सगळे तर्क करतात, उत्तर मिळत नाही. शेवटही तसाच: बिघडलेल्या मुलाच्या कानाला बाप पुन्हा फोन लावतो, दुसऱ्या लहरीने तरी तो ताळ्यावर येईल या आशेने, आणि पुस्तक थांबते. वाचकांनी इतकी कुरकुर केली की लेखकाने पटकथा लिहिताना शेवट बदलला. २०१६च्या सिनेमाने दुसराच शेवट दाखवला आणि तोही फारसा कोणाला रुचला नाही. शेवटाबद्दलची तक्रार समजू शकते. लहरीचे मूळ न सांगणे मात्र योग्यच होते. कारण सापडले की वाचक सुटतो; एक खलनायक मिळतो आणि हातात दगड घेतलेली माणसे बाजूला पडतात.

खान्देशात ही कादंबरी २०१८नंतर नव्याने वाचावी लागते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशा अफवा तेव्हा व्हॉट्सअॅपवरून पसरल्या होत्या. १ जुलै २०१८, रविवार, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडे बाजार. भिक्षेसाठी आलेल्या भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावाने पकडले आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ठेचून मारले. मुले पळवणाऱ्यांची अफवा मोबाइलहून कितीतरी जुनी. पूर्वी ती पारावरून पारावर जायला वेळ लागे, इतकेच.

त्याच महिन्यात व्हॉट्सअॅप कंपनीने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल, अशी मर्यादा आणली. जानेवारी २०१९पासून ती जगभर लागू झाली. सरकारला एवढ्यावर समाधान नव्हते. मेसेज मुळात कोणी पाठवला, ते शोधून द्या, ही मागणी सुरू झाली. कंपनीचे म्हणणे असे की, पाठवणारा आणि घेणारा सोडून मेसेज कोणालाच वाचता येत नाही, आणि मूळ शोधायचे तर ही गुप्तता मोडावी लागेल. २०२१च्या नियमांत पहिल्या पाठवणाऱ्याची ओळख देण्याची अट आलीच, आणि त्या मे महिन्यात कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. वाद ज्या प्रश्नावर अडला, तो कादंबरीने पंधरा वर्षे आधी मुद्दाम अनुत्तरित सोडला होता. पहिला पाठवणारा उद्या सापडला, तरी पुढे ढकलणारे हजारो आणि बाजारात धावून गेलेले शेकडो या नियमात कुठेच बसत नाहीत.