पार्श्वभूमी : वेब पानावर यादीचा फोटो आला कुठून?

गारपिटीच्या मदतीची यादी, ग्रामसभेची सूचना, संत्र्याचे भाव. विदर्भातल्या गावांच्या वेब पानांवर हे सगळं बरेचदा फोटोत असतं. वरुडच्या शेतकऱ्याला त्यात आपलं नाव शोधता येत नाही. फोटो बोटांनी मोठा करून एकेक ओळ वाचावी लागते. याला आळस म्हणणं सोपं आहे, पण एके काळी यादी फोटोत टाकण्याला चोख कारण होतं.

मजकुराच्या मधोमध चित्र दाखवणं १९९३ पासूनचं. त्या वर्षी अमेरिकी प्रोग्रामर मार्क अँड्रीसन यांनी ‘आयएमजी’ टॅग (पानात चित्र बसवणारी खूण) सुचवला आणि मोझॅक ब्राउझरने तो चालवून दाखवला. जीआयएफ (१९८७) आणि जेपीईजी (१९९२) हे फॉरमॅट आधीच तयार होते. पीएनजी १९९६ मध्ये आला. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ पासून, तेही टेलिफोनच्या तारेवरून. पुढे ५६ केबीपीएसचे (सेकंदाला ५६ किलोबिट) मोडेम आले, तरी आठ बिटांचा एक बाइट धरून सेकंदाला फार तर ७ केबी (किलोबाइट) उतरत. म्हणजे १०० केबीच्या चित्राला चौदा-पंधरा सेकंद.

इतकं महाग असूनही मराठी पानांनी मजकुराची चित्रं केली, कारण फॉन्ट. तेव्हाचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी बसवत. वाचणाऱ्याकडे तोच फॉन्ट नसला, की पानावर इंग्रजी अक्षरांचा काला. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून होती, पण घरच्या-दुकानच्या संगणकांवर ती पोहोचली विंडोज २००० आणि ‘मंगल’ फॉन्टनंतर. पुढे सुरुवातीच्या कित्येक अँड्रॉइड फोनवर मराठीच्या जागी चौकोन दिसले, आणि जुनी सवय पुन्हा घट्ट झाली. आज ती अडचण उरलेली नाही, यादी मात्र फोटोतच.

नुकसान कुठे होतं, ते जवळून बघा. जेपीईजी चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन करतो आणि त्यातला बारीक तपशील आधी गाळतो. संत्र्याच्या सालीवर ते डोळ्याला कळत नाही. अक्षराची कड मात्र काळ्यातून पांढऱ्यात एकदम उडी मारते. तिथे धूसर ठिपके उमटतात, अनुस्वार आणि रफार विरतात. तोच फोटो फोनमध्ये साठवून किंवा स्क्रीनशॉट काढून पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला, की दर वेळी पुन्हा दाबला जातो. मग क्षेत्र ०.२० हेक्टर की ०.३०, यावरून तंटा.

‘सही-शिक्का दिसला पाहिजे’ हे म्हणणं रास्त आहे. त्यासाठी यादी युनिकोडमध्ये टाइप करून पानावर टाकावी आणि सही असलेला कागद खाली स्वतंत्र लिंकवर द्यावा, शक्यतो पीएनजीत. त्यात काही गाळलं जात नाही.

फोटो राखून ठेवावा तो बघूनच कळणाऱ्या गोष्टीला: कपाशीतली डोमकळी (बोंडअळीने न उमललेलं फूल), फळाचा रंग, क्रेटमधला आकार. फोनचा फोटो ३-४ एमबीचा असतो. रुंदी १,२०० पिक्सेल आणि जेपीईजीचा दर्जा शंभरपैकी ७५-८० ठेवला, तर तो साधारण १०० ते २५० केबीत बसतो. टॅगमध्ये रुंदी-उंची लिहावी, नाहीतर फोटो उतरताना मजकूर खाली सरकतो आणि बोट भलत्याच लिंकवर पडतं. फोटो न दिसल्यास त्याच्या जागी वाचला जाणारा पर्यायी मजकूर वेब पानांच्या भाषेत, एचटीएमएल ४ पासून (१९९७), बंधनकारक आहे. तिथे ‘फोटो १’ नव्हे, ‘आंबिया बहाराचा संत्रा, रंग धरलेला, क्रेटमध्ये’ असं लिहावं.